कूलंट गटारात सोडण्याचा सल्ला मागे घ्या

मा. संपादक,
स.न.वि.वि.

कालच्या उद्योग पुरवणीत कूलंटवरचा, म्हणजे मशीनवर धातू कापताना थंडावा द्यायला सोडतात त्या तेल-पाण्याच्या मिश्रणावरचा, लेख वाचला. विषय घेतलात याबद्दल आभार. पण जैवविघटनशील कूलंट वापरून झाल्यावर सांडपाण्यात सोडायला हरकत नाही, हे छापण्याआधी भोसरीतल्या एखाद्या टूलरूममध्ये, म्हणजे साचे-हत्यारे बनवणाऱ्या कारखान्यात, विचारायला हवे होते. विघटनशील असते ते डब्यातले, कोरे. टाकीत सहा महिने फिरलेल्यात मशीनच्या सरकत्या भागांचे वंगण (स्लाइडवे ऑइल), धातूची भुकटी, कार्बाइड टूलमधून सुटलेला कोबाल्ट आणि जंतुनाशक असते. घातक कचऱ्याच्या 2016 च्या नियमांत असे तेलकट पाणी मोडते. गटारातून ते शेवटी पवना नाहीतर इंद्रायणी गाठते.

पुनर्वापराबद्दल लेखात मात्र एवढेच, की गाळून वापरा! गाळल्याने कण निघतात, तेल नाही. वर तरंगणारे तेल हवा अडवते, खाली बिनहवेचे जिवाणू माजतात आणि गुरुवारच्या सुटीनंतर शुक्रवारी शेडमध्ये सडक्या अंड्यांचा वास सुटतो. वनस्पती तेलावरचे विघटनशील कूलंट तर अधिकच लवकर नासते. जिवाणूंना नदी काय नि टाकी काय, खाद्य तेच. बेल्ट स्किमर, म्हणजे वरचे तेल पट्ट्याने ओढून काढणारे उपकरण, मशीन थांबल्यावर, तेल वर आले की चालवावा. कटिंग चालू असताना पंप ते पुन्हा घुसळतो. सुटीत टाकीत हवा सोडत ठेवावी. मग 25 ते 50 मायक्रॉनचा कागदी फिल्टर. बिडाचे काम असेल तर आधी मॅग्नेटिक सेपरेटर.

पाण्यात कूलंट किती ते रिफ्रॅक्टोमीटरने मोजतात; त्याचे रीडिंग कूलंट कंपनीने दिलेल्या फॅक्टरने गुणायचे. रीडिंग 4, फॅक्टर 1.5, म्हणजे 6 टक्के. पीएच 8.8 ते 9.2 ठेवावा. वास सुटलेले कूलंट चांगल्यात अजिबात मिसळू नये, दुधात विरजण पडावे तसे सगळे जाते. टाकी बदलताना तळाचा गाळ हाताने काढलाच पाहिजे, नाहीतर नवे कूलंट त्याच जिवाणूंवर पडते. टॉप-अपला, म्हणजे घटलेली पातळी भरून काढायला, बोअरचे पाणी नको: पाणी उडते, क्षार मागे राहतात, इमल्शन फुटते (तेल-पाणी वेगळे होते) आणि मशीनवर चिकट पांढरा थर बसतो. आरओच्या पाण्यात 1 ते 2 टक्के कूलंट मिसळून टॉप-अप करावे. मिसळतानाही पाण्यात कूलंट ओतावे, कूलंटमध्ये पाणी नाही.

आणखी एक. भंगाराच्या टेम्पोतून ओल्या चिप्सचे (धातूच्या कातरणाचे) कूलंट एमआयडीसीच्या रस्त्यावर गळत जाते आणि दुचाक्या घसरतात. यावर आपण कधी लिहीत नाही. जाळीच्या तळाच्या ट्रॉलीत चिप्स रात्रभर निथळू दिल्या, तर तेच कूलंट गाळून टाकीत परत घेता येते. भंगारवाल्यांनीही ओला माल उचलायला नकार द्यावा.

आपला,
एक वाचक, भोसरी