बगिच्यात जिराफ नको, वीतभर नंदी बसवा

मा. संपादक साहेब,
स.न.वि.वि.

आमच्या गावच्या भोसलेकालीन बगिच्याचं सुशोभीकरण होणार ही बातमी तुमच्याच पेपरात वाचली. आनंद झाला, पण प्लॅनमध्ये काय काय आहे ते वाचलं अन् मन खट्टू झालं. फायबरचा जिराफ, हत्ती, डायनासोर अन् गेटवर गावाच्या नावाचा लायटिंगवाला सेल्फी पॉइंट! हे आता कुठंही दिसते, आपल्या उन्हात दोन वर्षांत रंग उडतो, कान-शेपट्या तुटतात अन् मग तेच भंगार तिथं पडून राहते.

अन् बगिचा आहे तरी केवढा? एक पायविहीर, दगडी हौद, पडकी बारादरी अन् जुनी चिंचेची झाडं. तिथं पंधरा फुटी जिराफ उभा केला तर विहिरीकडं पाहणार कोण?

माझं म्हणणं आहे, मूर्ती बसवा पण लहान बसवा, वीतभर, शोधावी लागेल अशी. पोलंडमधल्या व्रोत्सवाफ शहरात असंच केलंय. तिथं 1980 च्या दशकात सरकारविरोधी पोरं भिंतींवर बुटक्यांची चित्रं काढायची, त्या चळवळीची आठवण म्हणून 2001 मध्ये एक बुटका बसवला, मग 2005 पासून एका शिल्पकारानं गुडघ्याएवढे पितळी रंगाचे बुटके करून रस्तोरस्ती ठेवले, आज शेकड्यानं आहेत अन् लोक नकाशा घेऊन शोधत फिरतात. बुडापेस्टमध्ये मिहाइलो कोलोद्को नावाच्या शिल्पकाराच्या तर पंजात मावतील एवढ्याच मूर्ती आहेत, पुलाच्या कठड्यावर, नदीकाठच्या भिंतीवर. जुन्या वास्तूला कुठंच झाकत नाहीत, उलट माणूस वाकून पाहतो म्हणून जुना दगडही नजरेस पडतो.

आपल्याला बुटके कशाला पाहिजेत, आपल्याकडं तान्हा पोळा आहे ना! नागपूरच्या भोसल्यांनी सुरू केला म्हणतात, अन् बगिचाही भोसल्यांच्याच काळचा. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पोट्टे लाकडी नंदी ओढत घरोघरी बोजारा (खाऊ-पैसे) मागत फिरतात ते सगळ्यांनी पाहिलंय, पण तो नंदी एकदा हातात घेऊन पाहा. सागाचा एकच ठोकळा, वशिंडाची गोलाई पटाशीनं काढलेली, मानेखालची पोळी दोन वळ्यांत दाखवलेली, शिंगं वेगळी करून भोकात ठोकलेली अन् पायाखाली चार चाकं. हे करणारे सुतार आपल्याच तालुक्यात आहेत, त्यांना सीझन सोडला तर काम नाही. त्यांच्याकडून लहान नमुने करून घ्या अन् ते पितळेत ओतून घ्या, कारण उघड्यावर लाकडाला उधई लागणार. एक नंदी हौदाच्या कोपऱ्यात, एक पायविहिरीच्या वरच्या पायरीशेजारी, एक चिंचेच्या मुळाशी. नंदीच पाहिजेत असंही नाही, बंडी ठेवा, वखर ठेवा, तिफण ठेवा, आताच्या लेकरांना तिफण माहीत तरी कुठं आहे!

फक्त एक गोष्ट हात जोडून सांगतो, जुन्या दगडात ड्रिल मारू नका. लोखंडी बोल्ट गंजला की फुगते अन् दगड आतून तडकवते. सिमेंटही लावू नका, जुनं काम चुन्याचं आहे, चुना ओल बाहेर सोडतो, सिमेंट ती आत कोंडून ठेवते अन् मग दगडाचे पापुद्रे निघतात. मूर्ती वेगळ्या जड दगडावर पक्की करा अन् तो दगड शेजारच्या मातीत गाडा, म्हणजे उद्या काढायची म्हटली तरी जुन्या कामाला ओरखडा नाही. चोरी होईल म्हणणाऱ्यांना हेच उत्तर, दोन माणसांना न उचलणारा दगड रात्रीतून कोणी नेत नाही.

टेंडर अजून निघालं नाही असं कळते. त्याआधी नगर पंचायतीनं गावातल्या सुतारांना अन् शाळेच्या ड्रॉइंग मास्तरांना एकदा बगिच्यात बोलवावं, सोबत जुन्या बांधकामाचं समजणारा माणूस घ्यावा, अन् जिराफ-डायनासोरचे आयटम प्लॅनमधून काढून त्यातले थोडे पैसे आधी विहिरीतला गाळ काढायला लावावेत, एवढी विनंती आपल्या पेपरातून त्यांच्यापर्यंत पोचवावी.

आपला नियमित वाचक,
जि. वर्धा