तीन पर्यायांतले दोन कुठे गेले?

मा. संपादक,

स. न.

‘आपण संगणकातच जगतो आहोत’ हा कालच्या पुरवणीतला लेख वाचला. असा विषय मराठीत आणल्याबद्दल आभार. पण आपण संगणकाने उभ्या केलेल्या आभासी जगात आहोत, असे जे तत्त्वज्ञ निक बॉस्ट्रॉम यांच्या तोंडी घातले आहे, ते त्यांनी म्हटलेलेच नाही. त्यांच्या २००३च्या निबंधात तीन पर्याय आहेत. आपल्यासारख्या बहुतेक संस्कृती अशी जगे संगणकावर चालवण्याची ताकद येण्याआधीच संपतात. किंवा ताकद येऊनही पूर्वजांची आभासी जगे चालवण्यात त्यांना रस उरत नाही. किंवा आपण बहुधा अशाच एका जगात आहोत. यांपैकी एक तरी खरे असणार, इतकाच त्यांचा दावा. आपण पहिले दोन गाळले आणि तिसरा ठळक टाइपात छापला!

‘हे कधीच तपासता येणार नाही’ हे वाक्य तर फारच लागले. सिलास बीन, झोहरे दावूदी आणि मार्टिन सॅव्हेज या भौतिकशास्त्रज्ञांनी २०१२मध्येच एक वाट दाखवली आहे. प्रोटॉन-न्यूट्रॉन ज्यांचे बनतात त्या क्वार्कांची गणिते संगणकावर करताना अवकाश जाळीत कापून घ्यावे लागते. विश्वही तशाच जाळीवर चालत असेल, तर अंतराळातून येणाऱ्या सर्वाधिक ऊर्जेच्या वैश्विक किरणांना सगळ्या दिशा सारख्या राहणार नाहीत, जाळीच्या अक्षांचा ठसा उमटेल. असे किरण अर्जेंटिनातली पिएर ओझे वेधशाळा टिपतेच आहे. ठसा दिसला नाही तर जाळी आणखी बारीक असेल, असे म्हणायला जागा राहते, हे मान्य. तरी ती चाचणी आहे आणि वाचकांना ती कळायला हवी होती.

मी भौतिकशास्त्र शिकवत असे. २०१७मध्ये एका दैनिकाने ‘विश्व सिम्युलेशन (संगणकी आभास) नाही हे सिद्ध’ अशी बातमी दिली, तेव्हा एक विद्यार्थिनी कात्रण घेऊन आली. झोहर रिंगेल व दिमित्री कोव्रिझिन यांच्या मूळ शोधनिबंधाचा सारांश आम्ही शोधून वाचला. काही पुंज (क्वांटम) प्रणालींचे गणित एका ठरावीक पद्धतीने साध्या संगणकावर करू गेल्यास कणांच्या संख्येबरोबर काम घातांकी वेगाने वाढते, असा त्याचा आशय. आपण आभासी जगात आहोत की नाही, याबद्दल अवाक्षर नाही. मुलीने स्वतः त्या संपादकांना पत्र लिहिले. ना उत्तर आले, ना खुलासा. ‘मग छापलं कशाला, सर?’ असे तिने विचारले. मी काय सांगणार होतो? विज्ञानावर जीव असलेल्या मुलांचा वर्तमानपत्रावरचा विश्वास असाच उडतो. तेव्हा ‘नाही’ हे सिद्ध झाले होते, काल ‘आहे’ हे सिद्ध झाले. पुरावा दोन्ही वेळा नव्हता.

आणखी एक. कालच्या लेखाच्या चौकटीत वैश्विक किरणांची ऊर्जा ‘५ × १०१९ इलेक्ट्रॉन व्होल्ट’ छापली आहे. दहाचा १९ हा घात वर न चढवल्याने ती जेमतेम पाच हजार होते. दवाखान्यातल्या क्ष-किरणांची ऊर्जाही याहून जास्त असते. तिथे पाचावर एकोणीस शून्ये हवीत. आपल्या विज्ञान पानावर हे वारंवार घडते. बॉस्ट्रॉम यांच्याबद्दलचा खुलासा छापाल, तेव्हा हा आकडाही दुरुस्त करावा.

– एक निवृत्त शिक्षक