लाकडी पॅलेटला चाचण्यांचा आधार द्या

महोदय,

निर्यातीचा माल परदेशी बंदरात अडकला की खापर लाकडी पॅलेटवर, म्हणजे माल रचून उचलण्यासाठीच्या फळ्यांच्या चौकटीवर, फुटते आणि लगेच प्लास्टिकची शिफारस होते. हा लाकडावर अन्याय आहे. लाकडी वेष्टनातून कीड देशोदेशी पसरू नये यासाठीच्या ‘आयएसपीएम १५’ या आंतरराष्ट्रीय मानकातील उष्णता-प्रक्रियेनुसार लाकडाच्या गाभ्यात ५६ अंश सेल्सिअस तापमान सलग ३० मिनिटे टिकावे लागते. भट्टीतल्या हवेचे तापमान पाहून ते कळत नाही. तापमान मोजणारा प्रोब सर्वांत जाड ठोकळ्याच्या गाभ्यातच हवा. शिवाय या प्रक्रियेत कीड मरते, ओल जाईलच असे नाही. ओलावा २० टक्क्यांच्या वर राहिला तर बंद कंटेनरमध्ये बुरशी धरते. दुरुस्तीत प्रक्रिया न केलेली एक फळी ठोकली, तरी उष्णता-प्रक्रिया झाल्याचा जुना ‘एचटी’ शिक्का ग्राह्य राहत नाही.

अमेरिकेतील पॅलेट उत्पादकांच्या संघटनेने व्हर्जिनिया टेक विद्यापीठाच्या साथीने भारक्षमता काढणारी ‘पॅलेट डिझाइन सिस्टिम’ उभी केली. आपल्या संघटनांनीही करसवलतीच्या निवेदनांइतकाच जोर निलगिरी, बाभूळ, आयात पाइन यांच्या चाचण्यांवर द्यावा: खिळा किती धरतो, रॅकवर फळी किती वाकते. न्हावा-शेवामार्गे माल पाठवणाऱ्या छोट्या कारखानदारांना हे आकडे मराठीत आणि विनाशुल्क मिळावेत.

– एक पॅकेजिंग व्यावसायिक, भिवंडी