कुलाबा किल्ल्याच्या तटासाठी माणसे, चुना आणि खेपा हव्यात

अलिबागच्या किनाऱ्यावरून समुद्रातल्या कुलाबा किल्ल्याचा फोटो काढला की तटाच्या सांध्यांतली हिरवळ शोभून दिसते. ती पिंपळ-वडाची रोपे आहेत. पावसाळा संपला की ती काढायची आहेत, आणि त्यासाठी नगरवासीयांकडे व पर्यटकांकडे आमची समिती मदत मागत आहे.

शिवाजी महाराजांच्या आज्ञेने १६८० साली या किल्ल्याचे काम सुरू झाले आणि संभाजी महाराजांच्या काळात पुरे झाले. पुढे तो आंग्र्यांच्या आरमाराचे मुख्य ठाणे होता. तटाचे अवजड चिरे चुना न घालता नुसते एकावर एक रचलेले आहेत. लाट आदळली की पाणी सांध्यांत शिरते आणि तिचा जोर तिथेच मोडतो. पण पक्ष्यांच्या विष्ठेतून बीही त्याच सांध्यांत पडते. मूळ जाड होत गेले की चिरा बाहेर ढकलला जातो, आणि एखाद्या उधाणात निखळतो.

रोप उपटू नका, ही पहिली विनंती. मुळासकट ओढले तर सोबत दगडही हलतो. नुसते छाटले तर पुढच्या पावसात एकाच्या जागी चार फुटवे येतात. बरोबर रीत अशी: तटापासून चार बोटे अंतर ठेवून खोड करवतीने कापायचे आणि काप ओला असतानाच त्यावर तणनाशक ब्रशने लावायचे. काप सुकला की औषध आत उतरत नाही. फवारणी अजिबात नाही, कारण किल्ल्यात गोड्या पाण्याची सोय आहे. मेलेले मूळ सांध्यातच राहू द्यायचे. जाळायचे तर मुळीच नाही, आचेने दगड तडकतो.

दरवर्षी कोणी ना कोणी प्रेमाने सिमेंटची पोती देऊ करतो. कृपया देऊ नका. तटाचे सांधे सिमेंटने बुजवले तर लाटेचा सगळा मार दगडाच्या तोंडावर येईल. आतल्या चुन्यातल्या बांधकामालाही ते घातकच, कारण ओल सिमेंटमधून बाहेर पडू शकत नाही, ती दगडातून वाट काढते आणि मागे राहिलेल्या मिठाचे स्फटिक दगडाचे पापुद्रे काढतात. आतल्या डागडुजीसाठी हवा आहे तो कळीचा (भट्टीतला, न विरवलेला) चुना, १ टन. तो विरवून, चाळून, निदान महिनाभर पाण्याखाली मुरवावा लागतो, म्हणून आधी पोचायला हवा. एका घमेल्याला तीन घमेली वाळू लागते, तीही नदीची, धुतलेली. समुद्राची वाळू फुकट मिळते, पण तिच्यासोबत मीठही येते. शिवाय काम ओले ठेवण्यासाठी १०० गोणपाटे, १० बारीक दातांच्या करवती आणि ५० जोड जाड हातमोजे हवेत.

स्मारक केंद्र सरकारच्या संरक्षणाखाली आहे. प्राचीन स्मारकांच्या १९५८ च्या कायद्याने इथे परस्पर काही करणे गुन्हा ठरतो, त्यामुळे झाडी काढणे असो की गवंडीकाम, सगळे पुरातत्त्व खात्याच्या लेखी परवानगीने आणि देखरेखीखालीच होईल. १७५९ च्या सिद्धिविनायक मंदिराला आणि १८४९ हे साल कोरलेल्या, चाकांच्या गाड्यांवरच्या दोन तोफांना स्वयंसेवकांनी हात लावायचा नाही. तोफा घासून चकचकीत करण्याचा उत्साह तर घरीच ठेवावा.

कामाचे दिवस तिथीवर ठरतील. शुद्ध आणि वद्य तृतीया ते पंचमी या दिवसांत ओहोटी साधारण साडेआठ ते दहाच्या दरम्यान पुरी होते. त्याच्या तासभर आधी चालत जायचे आणि नंतर तासाभरात परतायचे. अष्टमीच्या सुमारास भांगाचे (लहान भरती-ओहोटीचे) पाणी पुरेसे ओसरत नाही, तेव्हा काम बंद. एका फेरीत प्रत्यक्ष काम जेमतेम दीड तास होते, म्हणूनच माणसे जास्त लागतात: दर फेरीला ३०, वय १८ च्या वर. पायात पट्ट्याचे बूट हवेत, चपला चिखलात राहतात. शिट्टी झाली की हातातले काम टाकून निघायचे, त्यात चर्चा नाही.

घोडागाडीवाल्यांनी ओहोटीला आणि होडीवाल्यांनी भरतीला चुना-वाळूची एकेक खेप विनामूल्य द्यावी, ही विशेष विनंती. रोख देणगी समितीच्या कार्यालयात पावती घेऊनच द्यावी. किल्ल्यावर किंवा किनाऱ्यावर कोणीही पैसे गोळा करणार नाही.