बंदरावर गोड्या पाण्याचा नळ द्या

संपादक साहेब,
माझी पिकअप 2009 ची आहे, मीटर 4 लाख 60 हजारच्या पुढे गेलाय आणि अजून रोज रात्री मासळी भरून आंबा घाट चढून कोल्हापूरला जाते. इंजिनाचं काही टेन्शन नाही, ऑइल आणि फिल्टर वेळेवर बदलले की ते चालतंच, खरा शत्रू गंज. बर्फ वितळून खारं पाणी हौद्याच्या फटीतून थेट चेसीवर, म्हणजे गाडीच्या खालच्या सांगाड्यावर, ठिबकतं, बाहेरून रंग चकाचक दिसतो पण स्प्रिंगच्या पाट्या चेसीला टांगलेल्या असतात त्या हँगरपाशी स्क्रू ड्रायव्हरने ठोकलं की पत्र्याचे पापुद्रे हातात येतात. मी दर पावसाळ्याआधी घासून रेड ऑक्साइड (गंजरोधक रंग) मारतो, हौद्याला दोनदा नवीन पत्रा मारलाय. पण रोज खालून गोड्या पाण्याने धुणं हाच खरा उपाय, आणि आमच्या बंदरावर त्यासाठी एक नळ नाही! 8 वर्षांपुढच्या मालवाहू गाडीला दरवर्षी पासिंग (आरटीओची फिटनेस तपासणी) लागतं, ते बरोबरच आहे, फक्त तिथे रंगापेक्षा चेसी नीट बघा. नवीन गाडीचा हप्ता आम्हा छोट्या लोकांना झेपत नाही हो, आहे तीच नीट ठेवायचीय.

– एक पिकअपवाला, रत्नागिरी