एसीच्या नळीतलं पाणी

वाई,
१४ जुलै

चि. मनू यास,
अनेक आशीर्वाद.

काल फोनवर तू "ठेवतो गं, मीटिंग आहे" म्हणालास आणि माझं अर्धं बोलणं घशातच राहिलं. बाबा म्हणाले, व्हॉट्सॲपवर टाक की. पण तिथे तू नुसता अंगठा दाखवतोस. म्हणून हे पत्र.

पावसात सायकलनं भिजत ऑफिसात जातोस, तिथे तुझ्या खुर्चीवर कुणीतरी चिठ्ठी चिकटवली, 'मोजे घरी ठेवून या', आणि तू ते एवढं मनाला लावून घेतलंस की आता सायकल विकून स्कूटर घेतो म्हणतोस. चिठ्ठी लिहिणाऱ्यानं तोंडावर सांगायला हवं होतं, हे मान्य. पण मोज्यांना वास येत होता, हेही खरं असणार. तुझे मोजे मी पंधरा वर्षं धुतलेत. मला नको सांगूस.

स्कूटर घ्यायची तर घे, पैसे तुझे आहेत. पण ओल्या कपड्यांपायी घेऊ नकोस. भिजण्याचा प्रश्नच नाहीये, मनू. भिजलेलं वाळवायचं कुठे आणि कसं, एवढाच आहे, आणि तो मी तुझ्या जन्माच्या आधी सोडवून बसलेली बाई आहे.

१९८२ साली मी बँकेत लागले तेव्हा पुण्यात सहकारनगरहून कॅम्पातल्या शाखेत सायकलनं जायची. मागच्या चाकाला जाळी असलेली लेडीज सायकल, साडी अडकू नये म्हणून. पहिल्या पावसाळ्यात मी शहाणपणा केला आणि नेहमीसारखी खळ घातलेली सुती साडी नेसून निघाले. वरून रेनकोट होता. स्वारगेटच्या चौकात एक एसटी शेजारून गेली आणि कमरेपासून खाली मी चिंब. बँकेत पोचले तर निऱ्यांचा नुसता लगदा झालेला. दुसरी साडी नव्हती. दिवसभर तशीच काउंटरवर बसले आणि संध्याकाळी अंगात ताप घेऊन घरी आले.

मग कपाटात एक साडी-ब्लाउज ठेवायला लागले. तो प्रश्न सुटला, पण ओल्या साडीचं काय? ती मी रेकॉर्ड रूममध्ये दोन रॅकच्या मधे दोरी बांधून टाकली. कुणाला कळायचं नाही, असं वाटलं. खाली आदल्या दिवशीची व्हाउचर्स बांधून ठेवली होती, शाईच्या पेनानं लिहिलेली. चार वाजता शिपाईकाका तो गठ्ठा घेऊन आले तेव्हा वरच्या पंधरा-वीस व्हाउचरांवर निळे ढग उठले होते. मॅनेजर फार बोलले नाहीत, पण सगळ्यांसमोर म्हणाले, "बाई, ही बँक आहे, धोबीघाट नाही." त्यानंतर आठवडाभर मी साडी चहाच्या पॅन्ट्रीत, रॉकेलच्या स्टोव्हजवळ वाळवली. वाळायची लवकर. पण घरी येताना अंगाला आल्याच्या चहाचा आणि रॉकेलचा असा काही वास असायचा की तुझी आजी दारातच विचारायची, हॉटेलात काम धरलंस का?

शेवटी जागा सापडली ती लेडीज रूममध्ये, छताच्या पंख्याखाली. दोन खिळे, एक दोरी. पंखा मधल्या आकड्यावर. ऑगस्टपर्यंत त्या दोरीवर सहा जणींचे परकर वाळत होते आणि ज्या बाई माझ्या व्हाउचरांवर सगळ्यात जास्त हसल्या होत्या, त्यांनीच चिमटे आणून दिले.

त्या पंख्यानं मला जे शिकवलं ते तुला सांगते. तेव्हा त्यामागचं कारण ठाऊक नव्हतं, नंतर मावशीनं सांगितलं. ती मायक्रोबायोलॉजी शिकवायची हे तुला माहीतच आहे. जुलैत पुण्याच्या सकाळच्या हवेत दमटपणा ऐंशी-पंच्याऐंशी टक्के असतो. हवाच आधीपासून पाणी पिऊन टम्म झालेली. ती तुझ्या शर्टातलं पाणी घेणार कशी? म्हणून घरी गॅलरीत टाकलेले कपडे दोन-दोन दिवस वाळत नाहीत. पण तुझ्या ऑफिसात एसी आहे. एसीची नळी इमारतीच्या बाहेर टपटप गळत असते ना, ते खोलीतल्या हवेतून काढलेलं पाणी असतं. थोडक्यात, तुझ्या कंपनीनं दिवसभर कपडे वाळवायचं यंत्र फुकट चालू ठेवलंय आणि तू ओले कपडे प्लॅस्टिकच्या पिशवीत गाठ मारून टेबलाखाली ठेवतोस! नऊ तास! त्यात मोजे आंबणार नाहीत तर काय होणार? इडलीचं पीठसुद्धा तेवढ्यात फुगतं.

वास पाण्याचा नसतो, मनू. घामातलं तेल, कातडीचा कोंडा, त्यावर जगणारे जंतू आणि ओल. या सगळ्यांना बंद पिशवी मिळाली की झालं. दमट कपड्यांच्या त्या कुबट वासामागे कोणता जंतू आहे, ते जपानमधल्या संशोधकांनी २०१२ साली शोधून काढलं. 'मोराक्सेला ऑस्लोएन्सिस' असं त्याचं नाव. मावशीनं दोनदा उच्चारून दाखवलं तेव्हा मला लिहिता आलं. हा प्राणी कपडा वाळला तरी मरत नाही, दबा धरून बसतो. म्हणून तुझा टी-शर्ट सकाळी घालताना ठीक असतो आणि विद्यापीठ चौकात पहिली सर आली की त्याला कुबट वास सुटतो. अशा कपड्याला नुसतं खंगाळून भागत नाही. लेबलवर चालेल म्हटलं असेल तर अर्धा तास चांगल्या गरम पाण्यात साबण घालून भिजव. आणि ते सुगंधी फॅब्रिक कंडिशनर बंद कर. सायकलच्या कपड्यांच्या धाग्यांवर त्याचा थर बसतो, मग घाम टिपला जात नाही आणि वास मात्र अडकून बसतो.

आता सकाळचं. दहाएक किलोमीटर येतोस, वर सेनापती बापट रस्त्याचा चढ. त्यात तो जाड रेनकोट घालतोस. बाहेरून पावसानं आणि आतून घामानं, दोन्हीकडून भिजणं म्हणजे रेनकोट. धो-धो पाऊस आणि वारा असेल तर घाल, थंडी बाजते. एरवी पुण्याचा पाऊस म्हणजे बहुतेक भुरभुर. इथे वर्षभरात मिळून सातशे-साडेसातशे मिलिमीटर पडतो, मुंबईत तेवढा एकट्या जुलैत पडून जातो. त्यापेक्षा सरळ भीज, पण कमीत कमी कपड्यांत भीज. पातळ पॉलिएस्टरचा टी-शर्ट आणि अर्धी चड्डी. जीन घालून सायकल चालवणाऱ्याला तर मी घरातही घेणार नाही, ती दसऱ्यापर्यंत वाळत नाही.

मी दुसऱ्या वर्षी हेच केलं. रस्त्यावर सिंथेटिक साडी, बँकेत सुती. बायका म्हणायच्या, उलट कर, पावसात सुती बरी. पण सुती धागा एरवीही हवेतून आपल्या वजनाच्या आठेक टक्के ओल धरून असतो, पॉलिएस्टर अर्धा टक्काही धरत नाही. सिंथेटिक साडी झटकली की अर्धी वाळलेली असायची. आतले कपडे मात्र सुती घाल आणि पोचल्याबरोबर बदल. ओल्या चड्डीवर खुर्चीत बसून राहिलास तर जांघेत नायटा होईल, मग डॉक्टरकडे लाजत जाशील आणि मला सांगणारही नाहीस.

पोचल्यावर काय करायचं ते नीट वाच. बाथरूममध्ये जा, कपडे काढ, बेसिनवर पिळ. मग कोरडा पंचा पसर. पंचा म्हणतेय, जाड टॉवेल नाही, तो स्वतःच वाळत नाही. त्यावर टी-शर्ट सपाट ठेव, दोन्ही मिळून गुंडाळी कर, चटईसारखी घट्ट, आणि ती दोन टोकांना धरून उलट्या दिशांनी पीळ. आता उघड. पंचा ओला झालेला दिसेल आणि टी-शर्ट नुसता दमट. हे पाणी फुकटात निघालं, हवेला न्यावं लागलं नाही. तू बाळ होतास तेव्हा तुझे लोकरीचे स्वेटर मी असेच वाळवायची, पिळले की त्यांचा आकार जायचा म्हणून. त्यानंतर हँगर. घडी नाही, खुर्चीची पाठ नाही, एकावर एक तर मुळीच नाही. दोन बाजूंनी वारा लागला पाहिजे. एसीचा झोत जिथे येतो तिथे टी-शर्ट दुपारच्या जेवणापर्यंत वाळतो की नाही, बघ.

जागा कुठे, हे एचआरला ईमेल करून विचारू नकोस. ते तुला पॉलिसी पाठवतील. तुमच्याकडे हाउसकीपिंगच्या मावशी असतील ना, त्यांना विचार. इमारतीतला कुठला कोपरा कोरडा, कुठली खोली दुपारी रिकामी, झोत कुठे येतो, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक नसतं. त्यांची ओली फडकी कुठेतरी वाळतच असतात की. मात्र जिन्यात, विजेच्या बोर्डाजवळ, छतावरच्या आग विझवायच्या पाइपाला काही लटकवू नकोस. आणि खाली कागद नाहीत ना ते बघ. हे मी कशावरून सांगते, ते तुला आता कळलंच.

बुटांचं सोपं आहे, घालूच नकोस. पट्ट्यांची सँडल घालून ये, बूट ऑफिसात राहू दे. भिजलेच तर आतला सोल बाहेर काढ, वर्तमानपत्राचे बोळे कोंब आणि तासाभरानं बोळे बदल. बदलायचं विसरलास तर ओला कागद आत ठेवून तू बुटाला पोटीस बांधल्यासारखं होईल. पायाच्या बोटांच्या बेचक्या कोरड्या पूस. १९८४च्या पावसाळ्यात मला चिखल्या झाल्या होत्या. आजी रात्री बोटांमधे मेंदी भरायची. चिखल्या कितपत बऱ्या झाल्या देव जाणे, पण बँकेत महिनाभर माझे पाय लाल होते आणि सगळे विचारत होते, लग्न ठरलं का?

कोरडे कपडे रोज पाठीवर वाहून नेऊ नकोस. एखाद्या उघडिपीच्या दिवशी किंवा बसनं जाशील तेव्हा आठवड्याचे शर्ट नेऊन ड्रॉवरमध्ये ठेव. इस्त्री मोडते म्हणशील, तर गुंडाळून ने.

आणि मडगार्ड! गेल्या वेळी आलास तेव्हा मी तुझी सायकल पाहिली. एवढ्या हजारांची सायकल आणि चाकं उघडी. तुझ्या पाठीवर ती चिखलाची रेघ उठते ती काही आभाळातून पडत नाही, तुझंच मागचं चाक उडवतं. पुढचं चाक मोजे भिजवतं. पाऊस थांबून तास झाला तरी रस्ता भिजवत राहतो, हे मडगार्ड नसलेल्या माणसाला कळायला हवं. दुकानदार म्हणाला असेल, लूक जातो. त्याला काय, त्याला ऑफिसात बसायचं नाहीये.

तू जुलैतलाच. १९९१चा तो जुलै मला चांगला आठवतो. पंधरा दिवस ऊन नाही, घरभर दोऱ्या, त्यांवर तुझी दुपटी आणि लंगोट, आणि एकही वाळत नव्हता. आजीनं शेगडीत निखारे केले, वर वेताची मोठी टोपली पालथी घातली, निखाऱ्यांवर चिमूटभर ओवा टाकला आणि टोपलीवर लंगोट पसरले. दर दहा मिनिटांनी हात लावून बघायची, करपायला नकोत आणि दमट राहायला नकोत. तुला गुंडाळायची तेव्हा ओव्याचा वास यायचा. त्या वेळी तुझ्या खुर्चीवर कुणी चिठ्ठी चिकटवली नसती.

ती टोपली माळ्यावर आहे. बाबांनी काल काढून झटकली. शेगडी नाही आता, पण आत बल्ब लावून बुटांना चालेल का, यावर ते सकाळपासून खटपट करताहेत. मी म्हटलं, आधी वायर बघा.

२२ला तुझा वाढदिवस. या वर्षी शर्ट घेत नाही. मडगार्डच्या जोडीचे पैसे पाठवले आहेत, दोन्ही चाकांचे. बसवून झाले की सायकलचा फोटो पाठव. तुझा नको, सायकलचा.

तुझी,
आई