मुक्ता थांबली

आडिवरे
२५ नोव्हेंबर २०२५

प्रिय वैजू,

परवापासून तुला फोन लावावा म्हणत होते, पण फोनवर तू मधेच "बरं, मग?" करतेस आणि माझं निम्मं बोलणं तिथेच राहतं. म्हणून कागद घेतला. आईचा गुडघा होता तसाच आहे, माझं उत्तम चाललंय. आता मुद्द्याचं.

रविवारच्या सायकल रेसमध्ये आपली मुक्ता थांबली.

तुला खरं तर एवढं पुरे. पण मला सगळं सांगायचंय, कारण इथे ज्याला त्याला सांगते तो दोनच गोष्टींपैकी एक म्हणतो: "किती गुणाची पोर!" नाहीतर "वेडी आहे." मला दोन्ही ऐकवत नाहीत.

रेस कशेळीच्या सड्यावर होती. मैदानातून सुटायचं, गडग्याच्या कडेकडेने सडा ओलांडायचा, मग वाडीतली पायऱ्यांची पाखाडी उतरून व्हाळावरचा साकव, आणि पलीकडे काजूच्या बागेतून तो उभा चढ, जिथे करवंदं काढताना तू घसरली होतीस आणि वर मलाच शिव्या दिल्या होत्यास. असे तीन फेरे. कातळावर कोरलेल्या हत्तीकडे मार्ग नेला नाही, लांबूनच दोऱ्या बांधून वळवला, हे फार बरं केलं. २०२२ पासून कशेळीची कातळशिल्पं युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत आहेत. त्या हत्तीवरून एक टायर जरी गेला असता तरी मी रेस बंद पाडली असती.

पाऊस यंदा लांबला. आता सडा वरून कोरडाठाक, पण पाखाडीवर झाडांच्या सावलीत अजून शेवाळ. जांभ्याच्या बारीक खडीवर वळणात ब्रेक दाबला की पुढचं चाक गेलंच. ब्रेक वळणाच्या आधी, वळणात नाही, हे नव्या मुलींना सांगून माझा घसा बसतो. मुक्ताला एकदाच सांगावं लागलं होतं. ती पाखाडी उतरते ना वैजू, ते तू येऊन बघायला हवंस. बूड पार सीटच्या मागे, टाचा खाली, कोपरं बाहेर आणि नजर चाकावर नाही, दोन पायऱ्या पुढे. त्या पायऱ्या कुठे एकसारख्या आहेत? एक वीतभर, तर पुढची गुडघ्याएवढी. बाकी सगळ्या तिथे सायकल खांद्यावर घेतात, मीसुद्धा. ही नुसती उतरत जाते, आणि वाडीतल्या म्हाताऱ्या पडवीतून "गो बाय माझे!" करून तोंडावर हात घेतात.

संघ चौघींचे. संघाची वेळ म्हणजे त्यांतल्या तिसऱ्या येणारीची धरणार होते, आणि वैयक्तिक नंबर वेगळे. आमच्याकडून मुक्ता, रुबीना, नीता आणि मी. म्हणजे चौघींतल्या एकीचं काही बिघडलं तरी संघ बुडत नव्हता. हे लक्षात ठेव, पुढे लागेल.

रुबीनाचा तो दिवस होता. याआधी तिने रेस अर्ध्यावर सोडलेली आहे, आणि सोडली की महिनाभर ती सरावाला फिरकत नाही, अंगणवाडीची कामं सांगते. या वेळी ती सुरुवातीपासून मुक्ताच्या चाकामागे. मुक्ता जी रेषा धरेल तीच हिची. दोन फेरे झाले तेव्हा मुक्ता बायकांत पहिली आणि रुबीना तिसरी होती. पाण्याच्या टेबलाशी मला हे कळलं तेव्हा मी बाटली घ्यायचीच विसरले.

शेवटच्या फेऱ्यात, पाखाडी संपून साकव यायच्या आधीच्या दगडांत, रुबीनाचा मागचा डेरेलर, म्हणजे गिअर बदलणारा भाग, आपटला आणि तो धरणारा हँगर तुटला. हँगर मऊ अ‍ॅल्युमिनियमचाच करतात, फ्रेम वाचावी म्हणून आधी तोच तुटायचा असतो. पण दर सायकलचा वेगळा, एकाचा दुसरीला बसत नाही, आणि रुबीनाच्या सायकलचा मुंबईहून मागवलेला अजून आलेला नाही. मुक्ता साकव ओलांडून पलीकडे गेली होती. तिने आवाज ऐकला, मागे वळून पाहिलं, आणि परत आली.

मी पोचले तेव्हा दोघी साकवाच्या कडेला बसलेल्या. मुक्ताने डेरेलर काढून पिशवीत टाकला होता, चेन तोडली होती, आणि ती आखूड करून मधल्या एका गिअरवर सरळ बसवत होती. हात कोपरापर्यंत काळे. रुबीना रडत होती आणि "तू जा, तू जा" एवढंच म्हणत होती. मी ब्रेक दाबला, तर मुक्ता मान वर न करता म्हणाली, "ताई, तुम्ही नका थांबू. तुमची वेळ धरणार आहेत."

आणि मी गेले. बरोबरच होतं ते. नीता पुढे होती, दुसरी मी, तिसरी कुणीतरी हवी होती. त्या घडीला त्या पोरीचा हिशोब माझ्यापेक्षा पक्का होता.

पण पुढचं ऐक. चेन जोडून झाल्यावर मुक्ताने निघायला हवं होतं की नाही? ती एकटी सुटली असती तरी संघ दुसरा आला असता. नाही सुटली. अशी आखूड केलेली चेन जोर लावला की मोठ्या गिअरवर चढायला बघते आणि अडकते, हे तुला माहीत आहे. म्हणून रुबीनाला अगदी हलक्या पायाने चालवायचं होतं, आणि चढावर उतरून सायकल ढकलायची. मुक्ता सगळा वेळ तिच्या पुढे, दहा हातांवर, "डावीकडून घे, त्या कातळावरून, आता पाय थांबव, आता मार" असं सांगत. दोघी एकदमच आल्या. संघ चौथा. वैयक्तिक पहिलं बक्षीस गेलं, ज्यातून ती पुढच्या फोर्कची दुरुस्ती करणार होती.

रुबीना सायकलवरून उतरली ती माझ्या गळ्यातच पडली. रेस पुरी केली तिने. बंडूदादा टपरी सोडून आला होता, सगळ्यांना चहा, आणि म्हणतो, "आज तरी शेवटची आल्याशिवाय चहा नाही हा नियम मोडा, मला दुकान बंद करायचंय." तुझा नियम अजून चालू आहे, वैजू. एकदाही मोडलेला नाही.

पुण्याचा एक प्रशिक्षक तिथेच उभा होता. मुक्ताला बघायलाच आला होता, हे मला आधीपासून ठाऊक होतं, तिला नाही. मला बाजूला घेऊन म्हणाला, "मुलीत दम आहे. उतारावरचा हात तर मी इतक्यात कुणाचा पाहिला नाही. पण तुम्ही हिला भिशी चालवायला शिकवलंत, रेस नाही."

मला इतका राग आला की तोंडातून शब्द फुटेना. नंतर रात्री अंथरुणावर पडल्यावर सगळी उत्तरं सुचली, तुला तेव्हाच फोन लावणार होते.

आता खरी गोष्ट. एवढं बोलूनही तो तिला न्यायला तयार आहे. जानेवारीपासून पुण्यात राहणं, खाणं, सायकल, सगळं. अट एकच: रेसमध्ये थांबायचं नाही. मुक्ता म्हणते, "असं कबूल करून जायचं असेल तर मी नाही जात." तिचे बाबा काल संध्याकाळी येऊन ओट्यावर बसले, तासभर आंब्याच्या मोहोराबद्दल बोलले आणि उठताना म्हणाले, "तुम्ही सांगाल तसं." महिनाअखेरपर्यंत उत्तर द्यायचंय.

आणि मी काय सांगू, वैजू?

तो माणूस खोटं बोलत नाही, हीच अडचण आहे. माउंटन बायकिंग १९९६ला अटलांटात ऑलिंपिकमध्ये आलं तेव्हापासून तिथे प्रत्येकजण एकेकटाच धावतो. टोकियोत स्वित्झर्लंडच्या तिघी पहिल्या तिन्ही नंबरांवर आल्या, पण यांतली कुणी कुणासाठी थांबली म्हणून नव्हे. मुक्ताला त्या पातळीवर जायचं असेल तर तिथे साकवाजवळ कुणी परत येणार नाही, आणि तिने परत जाऊन चालणार नाही. हे मला कळतं.

पण मग दुसरंही कळतं. दक्षिण आफ्रिकेतली ती केप एपिक रेस, तू मागे व्हिडिओ पाठवला होतास ती. २००४ पासून चालू आहे. दोघी-दोघींची जोडी, आठ दिवस, आणि जोडीदारणीत दोन मिनिटांहून जास्त अंतर पडलं तर दंड. तिथे थांबणं हाच नियम आहे! जिला थांबता येत नाही तिने तिकडे जाऊच नये. आणि फ्रान्सची पोलीन फेराँ-प्रेव्हो? २०२४ला पॅरिसमध्ये माउंटन बाइकचं सोनं एकटीने जिंकली, आणि यंदा बायकांची टूर द फ्रान्स जिंकली तेव्हा संघातल्या बाकीच्यांनी तिच्यासाठी वारा अंगावर घेतला. एकाच बाईने दोन्ही केलं. म्हणजे एक शिकली की दुसरं विसरतं असं काही नाही ना? मी हे मुक्ताला सांगितलं तर ती म्हणते, "मग आफ्रिकेलाच जाऊ ना, ताई. रुबीनादीदीला घेऊन." रुबीना लगेच, "आधी माझा हँगर येऊ दे."

तुझी आठवण त्या साकवापाशी फार आली. परशुराम घाटाखालच्या त्या उतारावर माझा खांदा निखळला आणि तू सायकल टाकून माझ्याकडे आलीस, तेव्हा तू पहिली होतीस. साताऱ्याची ती मुलगी पुढे निघून गेली. मी तुझ्यावर ओरडले होते, आणि मी आजही म्हणते, ओरडले ते योग्यच केलं. मला डॉक्टर मिळालाच असता, तुला ती रेस पुन्हा मिळणार नव्हती. तू म्हणालीस, "तुला नाही कळायचं." मग आपण शिमग्याला एकाच अंगणात पालखीपुढे उभ्या होतो आणि एकमेकींकडे पाहिलं नाही. तुझी आई मधे नारळाची वाटी घेऊन फिरत होती, एकदा तुझ्याकडे, एकदा माझ्याकडे, आणि शेवटी वैतागून म्हणाली, "देवाला तरी बघा."

त्यानंतर तू रेस केली नाहीस. लग्न, पुणे, ओम, सगळं आलं. तू कधी काही बोलली नाहीस आणि मी विचारलं नाही. आता विचारते, कारण मला मुक्ताला काहीतरी खरं सांगायचंय आणि ते फक्त तुझ्याकडे आहे. तू थांबलीस त्याचं तुला कधी वाईट वाटलं का? माझं मन राखायला "छे गं" लिहू नकोस. नंतर कधीतरी, पहाटे, स्वयंपाक करताना, त्या साताऱ्याच्या मुलीचं नाव पेपरात वाचताना?

कारण माझ्या मनात असं आहे: मुक्ताने जावं. जाऊन एकटीने धावायला शिकावं, तिथे जे कुणी शिकवतंय ते सगळं घ्यावं. थांबायचं तिला येतं, ते कुणी काढून घेऊ शकत नाही. पण अट म्हणून कबूल करून जायला तिचा नकार आहे आणि तो मला फार आवडलाय, इतका, की तिला "कबूल कर गं, नंतर बघू" असं सांगायला माझी जीभ रेटत नाही. तू सांगू शकशील. किंवा तू त्या माणसाला भेटून सांगू शकशील की असल्या अटी घालून धावपटू घडत नसतात. तुझा आवाज चढला की समोरचा ऐकतो, मला ते जमलेलं नाही.

आणि ती आली तर पहिले काही दिवस तुझ्याकडे राहील का? तिथल्या खोलीची सोय जानेवारीच्या मध्याला होणार म्हणतात. भात लागतो तिला, बाकी काही नाही. मासे असले तर दोन घास जास्त.

तुझं कसं चाललंय? भाऊजींची बदली रद्द झाली का? ओमची दहावी, तेव्हा घरात टीव्ही बंद असणार. तुझा मणका दुखत होता तो बरा आहे ना? सायकल अजून बाल्कनीत टांगलेलीच असेल तर निदान टायरमध्ये हवा भर, रबर भेगाळतं. सीलंट वाळलं असेल, नवीन घाल. हे सगळं फोनवर बोलू.

मुक्ताला मात्र आधी फोन कर. काजूच्या कारखान्यातून ती साडेसहाला सुटते, घरी जाऊन दूध घालून येईपर्यंत आठ होतात, आणि त्यांच्या वाडीत रेंज विहिरीजवळच मिळते. म्हणून सव्वाआठला कर, ती तिथे उभी राहील, मी तिला सांगून ठेवते. शनिवारपर्यंत केलास तर तिचे बाबा रविवारी येतील तेव्हा माझ्याकडे काही सांगायला असेल.

तुझी,
सुमी